बावडा ते खासबाग : एका दिवसात शाहूकाळ

जपानच्या ओइता प्रांतातल्या बुंगो-ताकादा गावाची बाजारपेठ ओस पडत चालली होती. २००१ साली तिथल्या लोकांनी १९५५ ते १९६४च्या सुमाराचा शोवा काळ निवडला आणि त्या काळची दुकाने, पाट्या, वस्तू पुन्हा दर्शनी आणल्या. आज लोक ती पेठ बघायला मुद्दाम जातात. जुन्या शहरांची सहल आखणाऱ्याने त्यांच्याकडून एवढे जरूर घ्यावे : आधी काळ ठरवावा, मग ठिकाणे.

कोल्हापुरात असा काळ शोधत बसावे लागत नाही. राजर्षी शाहूंचा जन्म १८७४चा, निधन १९२२चे. या अठ्ठेचाळीस वर्षांच्या खुणा कसबा बावड्यापासून खासबागेपर्यंत एका दिवसात पाहून होतात. पण बहुतेक पाहुणे अंबाबाईचे दर्शन घेतात, न्यू पॅलेस बघतात आणि तिथूनच मागे फिरतात. बावडा राहून जातो, आणि गोष्ट तर तिथूनच सुरू होते.

म्हणून सकाळी आधी बावडा गाठावा. इथल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातल्या यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली ते छत्रपतींच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. त्याच वर्षी बावडा रस्त्यावरचा न्यू पॅलेसही बांधून पुरा झाला. त्याचे वास्तुकार मेजर चार्ल्स मँट. काळ्या घडीव दगडाच्या या वाड्यात आता संग्रहालय आहे. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत; तिथे घाई करू नये.

सहलीचा महिनाही जपून निवडावा. पावसाळ्यात सारे कोल्हापूर बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारत असते : ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. दिवाळीनंतर पाणी उतरलेले असते, उसाचा गळीत हंगाम असतो, आणि बावड्याची मिसळ खाऊन पुढे निघायला हवाही चांगली.

दुपारनंतर भवानी मंडपावरून खासबागेकडे वळावे. १९०२च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले होते. त्यातून सुचलेले हे कुस्तीचे मैदान १९१२ साली उभे राहिले. शेजारी १९१५चे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मराठी रंगभूमीवर जीव असलेल्या प्रत्येकाला ती बातमी घरातल्या दुःखासारखी लागली.

तोक्योजवळचे कावागोए १८९३च्या आगीत असेच होरपळले होते. तिथल्या व्यापाऱ्यांनी जाड मातीच्या भिंतींची, आगीला दाद न देणारी दुकाने बांधली, आणि आज त्याच रांगा बघायला गर्दी होते. कोल्हापूरकरांनीही आपले नाट्यगृह पुन्हा उभे करण्याचा आग्रह पहिल्या दिवसापासून धरला. त्याच आग्रहाने आता बावड्याचा जन्मवाडा, न्यू पॅलेस, खासबाग आणि नाट्यगृह एका नकाशावर यायला हवेत. त्या नकाशात पहिला थांबा बावड्याचा असावा.