नित्यस्तुती (लेखांक ९) : ताटापुढचे गीत

स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ कशी वाटून घ्यावीत, याचे कोष्टक आज देण्याचे मी कबूल केले होते. परंतु मधल्या आठवड्यात नाशिककडील एका भगिनीचे पत्र आले आणि ते कोष्टक बाजूस ठेवणे मला भाग पडले. घरातील कर्ता पुरुष गेल्यापासून सायंप्रार्थनेच्या वेळी गीताचे शब्द ओठांवर येतात, मनात मात्र काहीच हलत नाही, असे त्या लिहितात; आणि अशी स्तुती म्हणजे देवापुढे केलेले ढोंग नव्हे काय, असे विचारतात. उत्तरादाखल मला एका परक्या मुलुखातील गावाची हकीकत सांगितली पाहिजे.

सॅक्सनीतील आयलेनबर्ग हा तटबंदीचा गाव. मार्टिन रिंकार्ट तेथेच १५८६ साली जन्मला आणि १६१७ साली धर्मोपदेशक होऊन तेथेच परतला. पुढच्याच वर्षी तीस वर्षांचे युद्ध पेटले. तटाच्या आश्रयाने आसपासची परागंदा रयत गावात दाटली, दाटीबरोबर रोगराई आली, आणि १६३७ च्या भयंकर साथीत गावात एकटा रिंकार्टच धर्मोपदेशक उरल्यामुळे कित्येक दिवशी चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास प्रेतांचे अंत्यविधी त्याला करावे लागले. वर्षभरात त्याने चार हजारांहून अधिक माणसांना मूठमाती दिली. त्यांत त्याची पत्नीही होती. साथीमागून दुष्काळ आला, तेव्हा जवळचे होते नव्हते ते त्याने दारी आलेल्या उपाशी लोकांना वाटले आणि स्वतःच्या मुलांच्या भाकरीसाठी पुढील काही वर्षांचे उत्पन्न गहाण टाकले. पुढे स्वीडिश फौजेने गावावर तीस हजार थेलरांची खंडणी बसवली. तीही त्याने रदबदली करून दोन हजार फ्लोरिनांपर्यंत उतरवून घेतली.

‘नुन डांकेट आले गॉट’ हे जगभरच्या मंडळ्यांत गाइले जाणारे उपकारस्मरणाचे गीत याच रिंकार्टचे. साथीच्या ऐन कहरात, थडग्यांच्या रांगांमध्ये उभे राहून त्याने ते रचले, असे व्यासपीठांवरून नेहमी सांगितले जाते, आणि शब्बाथ शाळेत मुलांपुढे मीही अनेक वर्षे तसेच सांगत आलो. परंतु अभ्यासक त्या गीताची रचना साथीच्या आधीची मानतात, आणि जुन्या छापील प्रतीत त्याचा मथळा आहे : लहानशी भोजनप्रार्थना! सिराखाच्या बोधग्रंथाच्या पन्नासाव्या अध्यायातील तीन वचनांच्या आधारे एका बापाने आपल्या लेकरांना ताटावर बसताना म्हणावयास दिलेले हे गीत. पुढे १७५७ साली लॉइटेनच्या रणांगणावर विजयी प्रशियन सैन्याने ते गाइल्याचे सांगतात व त्या गायनाचीच कीर्ती मोठी झाली. मला मात्र त्याचे खरे स्थान ते घरगुती मेजच वाटते.

हा रचनाकाळाचा मुद्दा मी एवढ्या आग्रहाने मांडतो, कारण आमच्या पत्रलेखिकेच्या शंकेचे उत्तर त्यात आहे. संकट कोसळल्यावर स्तुतीचे शब्द शोधावयास निघालेल्या माणसाला ते सापडतीलच असे नाही. रिंकार्टच्या घरी ते आधीच नांदत होते, रोजच्या भाकरीबरोबर मुलांच्या तोंडी बसले होते. आणि त्या गीताचे दुसरे कडवे पाहावे : त्यात आनंदी अंतःकरणाची व शांतीची याचना आहे, सर्व संकटांतून सोडवण्याची विनवणी आहे. ज्याला हर्ष मागावा लागतो, त्याच्याजवळ तो नेहमी असतोच असे कोण म्हणेल? तरीही हे मागणे स्तुतिगीतातच बसले आहे.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यात ती पहाटे जात्यावर बसे आणि नारायण वामन टिळकांची मुखोद्गत भजने म्हणत दळण दळी. माझे धाकटे चुलते ऐन तारुण्यात गेले, त्यानंतर चौथ्या पहाटे ती पुन्हा जात्याशी बसली, तेव्हा मी गोधडीतून पाहत होतो. पहिल्या ओळीवरच तिचा आवाज बसला. खुंट्यावरचा हात मात्र थांबला नाही. बराच वेळ नुसती दगडाची घरघर चालली होती. मग तिने मूठभर वैरण जात्याच्या तोंडात सोडली, पदराने डोळे टिपले आणि तीच ओळ पुन्हा धरली. तिच्या मनात त्या घटकेस काय होते हे मला ठाऊक नाही. पण त्या ओळीस ढोंग म्हणण्याची माझी छाती नाही.

जे मनात नाही ते लोकांस दाखवून त्यांची फसवणूक करणे, हे ढोंग. मन रिते आहे हे देवाला ठाऊक असता, त्याच्यापुढे ते तसेच घेऊन ठरल्या वेळी बसणे, यास आपल्या भाषेत नेम म्हणतात. नेम मनाच्या भरतीवर अवलंबून ठेवला, तर ओहोटीच्या दिवसांत माणसाने कशाच्या आधारे उभे राहावे?

तेव्हा ताई, नेम मोडू नका. पूर्ण गीत जड वाटत असेल तर एकच कडवे म्हणा. तेही निघेना, तर घरातील मुलांना म्हणू द्या आणि तुम्ही त्यांच्याजवळ नुसत्या बसा. इतर वाचकांनी कोष्टकासाठी आठवडाभर थांबावे. तोवर आज रात्री ताट वाढल्यावर, पहिला घास घेण्यापूर्वी, उपकारस्तुतीचे एक वाक्य घरातील सर्वांत लहान मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे.