जागा द्या, मग बघा!

तरफ म्हटलं की शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवतं. टेकू, भार, बल आणि शेजारी अडकित्त्याचं चित्र. याच तरफेवरून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सिसिलीतल्या सिराक्यूज शहरात राहणारा आर्किमिडीज एक भन्नाट गोष्ट बोलून गेला असं सांगतात: उभं राहायला जागा मिळाली तर मी पृथ्वीही हलवून दाखवीन. आज हे वाक्य मोटिव्हेशनल पोस्टरवर ‘काहीच अशक्य नाही’ अशा अर्थानं झळकतं. पण बोलणारा गणिती होता, त्यामुळे त्याचा हिशेब तपासायला हवा.

टेकूपासून भार जितका जवळ आणि आपला हात जितका लांब, तितकं बल कमी लागतं. म्हणून तर एकटा माणूस पहारीनं भलामोठा धोंडा उलथवतो. मात्र इथं फुकट काही नाही. बल दहापट वाचलं, तर हात दहापट जास्त सरकवावा लागतो. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्यं इतके किलो. तेवढा भार तरफेवर ठेवून दुसऱ्या टोकाला ६० किलोचा माणूस लटकला, तर भार एक सेंटीमीटर उचलायला त्याला साधारण १ लाख प्रकाशवर्षं खाली जावं लागेल!

म्हणजे तत्त्व शंभर टक्के खरं, पण किंमत अफाट. आर्किमिडीजलाही हे कळत असणार. प्लुटार्कनं लिहिलेल्या गोष्टीत हायरो राजा त्याला ‘करून दाखव’ म्हणतो, तेव्हा तो माणसं आणि माल भरलेलं एक जहाज निवडतो आणि कप्प्या लावून, बसल्या जागेवरून ते ओढून दाखवतो.

आता पुन्हा ते वाक्य बघा. त्यानं जास्त ताकद मागितलेली नाही, मागितली आहे ती जागा. पोस्टरवर नेमकी हीच अट विसरली जाते. ‘मेहनत कर, जग हलेल’ हे सांगणं सोपं असतं. पण गावाहून शहरात शिकायला आलेल्या मुलीला आधी हॉस्टेलमध्ये कॉट लागते, रात्री उघडी असणारी अभ्यासिका लागते, फी भरायला थोडी मुदत लागते. हे मागताना तिला उगाच ओशाळल्यासारखं होतं. खरं तर पाय रोवायला जागा नसेल, तर कितीही लांब दांडा हातात देऊन उपयोग शून्य. आर्किमिडीजनं ती जागा बिनधास्त मागितली होती. आपणही मागावी, आणि आपल्याकडे असेल तर थोडं सरकून दुसऱ्यालाही द्यावी.