चाकांवरच्या घरातील ऊब आणि ऊन पाणी

वैशाखाचा वणवा पेटलेला असताना, हातात पंखे घेऊन बसलेल्या श्रोत्यांपुढे शेगडीविषयी बोलावयास उभे राहणे हा थोडासा उद्धटपणाच आहे. पण आमचा नाइलाज आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले इंग्लंड-जर्मनीत नोकरीनिमित्त राहतात. आईवडील भेटीस गेले की ती भाड्याने एक कॅम्पर व्हॅन घेतात आणि सर्वांना स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात चार दिवस हिंडवून आणतात. एका ऑक्टोबरात आमच्याही वाट्यास हा योग आला. परत आल्यावर ज्याने त्याने आम्हांला डोंगरांविषयी नव्हे, तर एवढेच विचारले, की रात्री थंडी कशी भागवलीत आणि आंघोळीला ऊन पाणी कोठून आणलेत? दोघातिघांना तर गाडी घेऊन तीत हे सामान बसवूनच घ्यावयाचे होते. तेव्हा हे सामान कसे निवडावे, याचाच विचार आज करू.

कॅम्पर व्हॅन म्हणजे मालवाहू मोटारीच्या पोटात बसविलेले बिऱ्हाड. जर्मनीत वेस्टफालिया या कारखान्याने फोक्सवॅगनच्या मोटारीत असे सामान बसविण्यास १९५१ मध्ये आरंभ केला, आणि आज युरोपात अशी वाहने रस्तोरस्ती दिसतात. पलंग, चूल, पाण्याची टाकी, सारे काही दीड खोलीच्या जागेत असते. भिंती मात्र पत्र्याच्या. इंजिन चालू आहे तोवर त्याची ऊब मिळते. ते बंद केले की पत्रा बघता बघता गार पडतो आणि मग रात्र आपली आपण काढावयाची असते.

पहिली सूचना बहुधा अशी येते, की बॅटरी आहेच, मग विजेची शेगडी का लावू नये? याचे उत्तर हिशेबाने द्यावे हे बरे. दहा लिटर पाणी १० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवावयास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. त्यात गार पाणी मिसळले की आंघोळीजोगे सोळा-सतरा लिटर पाणी होते, म्हणजे आपली एक बादली. आता १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यात एकंदर १.२ युनिट वीज असते, आणि शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये असा संकेत आहे. राहिले ०.६ युनिट. एका बादलीत बॅटरी संपली! आणि ही केवळ आंघोळ झाली. रात्रभर गाडी उबदार ठेवावयाची तर आठ-दहा युनिट सहज हवेत. नव्या लिथियमच्या बॅटऱ्या जवळजवळ पूर्ण वापरता येतात हे खरे. तरी हिशेब दुपटीनेच सुधारतो, दसपटीने नव्हे. उलट एक किलो गॅसमध्ये सुमारे तेरा युनिट उष्णता असते आणि एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा. मुक्कामाच्या तळावर विजेची जोडणी मिळाली तर ती अवश्य घ्यावी, पण रानात गाडी उभी करावयाची असेल तर काहीतरी जाळल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि जाळावयाचे ठरले, की खरा प्रश्न उभा राहतो. दुकानदार किती किलोवॅट, किती किंमत, किती वजन हे सांगत राहतो. आमच्या मते त्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ज्वाला हवा कोठून घेते आणि तिचा धूर कोठे जातो?

आपल्या जुन्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, वर धूर जाण्यास तोंड. बंब हवा न्हाणीघरातलीच घेई आणि धूरही तेथेच सोडी. तरी चालत असे. कारण कौलांतून, दाराच्या फटींतून वारा खेळत असे. पुढे बंब गेला, घट्ट दारांची न्हाणीघरे आली आणि त्यांत गॅसचे गीझर बसले. मग हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून ती बातमी येऊ लागली, की स्नानास गेलेले माणूस बराच वेळ बाहेर आले नाही म्हणून दार फोडले. ही बातमी आपण सर्वांनी वाचलेली आहे; काहींच्या ती ओळखीच्या घरातली असेल. आतला प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. माणसास गुदमरल्यासारखे वाटत नाही. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. निजलेल्या माणसास तर एवढेही कळत नाही.

कॅम्पर व्हॅन ही त्या न्हाणीघराएवढीच बंद खोली आहे, आणि तीत आपण आंघोळीपुरते नव्हे तर रात्रभर असतो. म्हणून तेथे जी शेगडी बसवावयाची ती बंदिस्त ज्वलनाचीच हवी. तिची रचना सोपी आहे. ज्वाला एका धातूच्या पेटीत कोंडलेली असते. तिला लागणारी हवा एका नळीने गाडीच्या बाहेरून येते, आणि धूर दुसऱ्या नळीने बाहेरच जातो. गाडीतली हवा एक छोटा पंखा त्या पेटीच्या तापलेल्या अंगावरून फिरवितो, इतकेच. ट्रुमा, वेबास्टो, एबरस्पेशर या जर्मन आणि आल्डे या स्वीडिश कंपन्यांची गाड्यांसाठीची उपकरणे या पद्धतीची आहेत. मांडून ठेवावयाची उघडी गॅसची शेगडी स्वस्त पडते, पण झोपण्याच्या जागेत ती नको. स्वयंपाकाची चूल ऊब यावी म्हणून पेटवून ठेवणे हे तर गीझरचीच पुनरावृत्ती करणे होय. बंदिस्त शेगडी असली तरी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा उशांजवळ लावावी. नळीचा जोड कधी ढिला होईल हे सांगता येत नाही. गॅसच्या गळतीची घंटा मात्र जमिनीलगत हवी, कारण हा गॅस हवेहून जड असून तळाशी साचतो. त्याच कारणाने बाटल्यांच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक ठेवलेले असते. पायांना वारा लागतो म्हणून ते बुजविणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत!

उघड्या ज्वालेचा आणखी एक उपद्रव आहे. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. ती गाडीतच राहिली तर थंड पत्र्यावर जमते, आणि सकाळी अंथरूण दमट लागते. बंदिस्त शेगडीत ही वाफ धुराबरोबर बाहेर जाते. माणसांच्या श्वासाची वाफ उरतेच. तिच्यासाठी छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवावी, थंडी वाजली तरी.

आता गॅस की डिझेल? येथे मतभेदाला जागा आहे. गॅसची शेगडी आवाज करीत नाही, जळते स्वच्छ. पण गॅस कोणता ते पाहावे लागते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ होणे सोडतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. थंड मुलखात प्रोपेनच हवा. शिवाय युरोपात देशोदेशीच्या बाटल्यांची तोंडे निराळी. इंग्लंडमधली बाटली जर्मनीत बदलून मिळत नाही. डिझेलची गोष्ट याहून सुटसुटीत. गाडीच्याच टाकीतून ते येते आणि कोणत्याही पंपावर मिळते. पेटताना ही शेगडी चार मिनिटे आठ-दहा अँपिअर वीज ओढते, नंतर एक-दोनवर येते. बॅटरी थकलेली असेल तर ती नेमकी पहाटे पेटत नाही. तिचा पंप टकटक करतो, आणि सदोदित मंद आचेवर चालविली तर आत काजळी धरते. आमच्यापुरते सांगावयाचे तर, नुसती ऊब हवी असेल तेथे आम्ही डिझेल पसंत करू. ऊन पाणीही हवे असेल तर दोन्ही कामे करणारे गॅसचे संयुक्त यंत्र. गरम पाण्याच्या नळ्या भिंतींतून फिरविण्याची पद्धत याहून सुखाची, पण वजनाने आणि किमतीने मोठ्या गाड्यांनाच परवडते.

हे संयुक्त यंत्र पाहिले तेव्हा आम्हांला हसू आले. मध्ये ज्वाला आणि भोवती दहा लिटर पाणी. न्हाणीघरातला बंबच तो, फक्त धुराडे बाहेर नेलेला. त्याला एक झडप असते. तपमान तीन अंशांच्या आसपास उतरले की ती आपोआप उघडते आणि पाणी जमिनीवर सोडून देते, म्हणजे गोठून टाकी फुटू नये. हे आम्हांस ठाऊक नव्हते. पहिल्या रात्री काटकसर म्हणून आम्ही शेगडी बंद करून चार-चार पांघरुणे घेतली. झडप उघडली, पाण्याचा पंप चालूच राहिला, आणि पहाटेपर्यंत पिण्याच्या पाण्यासकट सारी टाकी हिरवळीवर रिकामी झाली. चहालाही थेंब उरला नाही. यंत्र सात अंशांच्या वर आल्याखेरीज ती झडप मिटत नाही, हेही मग कळले. दुसऱ्या रात्रीपासून शेगडी मंद चालू आणि निजताना पंप बंद, हा नियम केला.

आपल्याकडे ज्यांना अशी गाडी घेऊन हिमालयात जावयाचे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली. डिझेलची शेगडी साधारणतः दीड हजार मीटर उंचीपर्यंतच्या हवेच्या बेताने जुळविलेली असते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तेथे हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरते, डिझेल मात्र तेवढेच येत राहते. मग धूर होतो, काजळी धरते आणि शेगडी विझते. काही यंत्रांना उंचीप्रमाणे डिझेल कमी करण्याची सोय असते. ती आहे की नाही, आणि चालते की नाही, हे मनालीलाच पाहून घ्यावे. नसेल तर सोबत जाड रजया घ्याव्यात, माणशी दोन.