काळ्या पट्टीने काय झाकलं जातं?

'पोटातून सहा किलोचा गोळा काढला!' अशी पोस्ट आपल्याकडच्या फोनवर अधूनमधून येतेच. ट्रेमध्ये गोळा, शेजारी डॉक्टर, खाटेवर बाई आणि तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी. खाली ओळ : 'सेनगाव तालुक्यातील ४५ वर्षीय महिला.'

पट्टी लावली की ओळख झाकली, हा सगळ्यांत घातक गैरसमज. गावातली माणसं बांगड्यांवरून, लुगड्याच्या काठावरून, शेजारी उभ्या दिरावरूनही बाई ओळखतात. तालुका, वय आणि दिवस कळला की घर कळतं. सोनोग्राफीच्या फोटोत तर कोपऱ्यात नाव आणि तारीख छापलेलीच असते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो किंवा केस परवानगीशिवाय नियतकालिकातही छापता येत नाही. ऑपरेशनच्या कागदावर घेतलेला अंगठा ऑपरेशनपुरता असतो, फोटोसाठी नाही.

'नवे नियम थांबले, आता मोकळीक,' असंही ऐकू येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला आणलेले, सोशल मीडियाबद्दल स्वतंत्र सूचना असलेले नियम २३ ऑगस्टला स्थगित झाले, हे खरं. पण त्यामुळे २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले आणि रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला त्यांतही मनाई आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला देणं बेकायदा नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांनुसार ते चालतं. मात्र रुग्ण कोण, वय काय हे विचारून, नोंद ठेवून, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालून. रीलखालच्या कमेंटमध्ये गोळीचं नाव सांगणं त्यात बसत नाही.

मग डॉक्टरांनी गप्प बसावं? मुळीच नाही. उदाहरणच घ्या : हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 'हळदीने कॅन्सर बरा होतो' असे मेसेज फोनवर फिरतच असतात. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. त्याने माणसाचा कॅन्सर बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. हळद पिकवणाऱ्याला हे त्याच्या बोलीत कॅन्सरतज्ज्ञानेच सांगायला हवं. त्यासाठी कुणा रुग्णाचा फोटो लागत नाही.

हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये १०० जागांसह सुरू झालं. तिथून पुढे तज्ज्ञ होणाऱ्या मुलामुलींना एक विनंती : मोबाइल काढण्याआधी खाटेजवळ बसा आणि विचारा, "मावशी, हा फोटो फेसबुकवर टाकणार आहे, तुमच्या गावातले लोकही बघतील. चालेल का?" ती नको म्हणाली, तर मोबाइल खिशात ठेवा आणि तिची जखम बघा.