पुढचा ॲक्सल

मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला कासू हे नाव पाठ आहे. 2011 साली चौपदरीकरणाचं काम निघालं आणि पुढे पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचे दोन तुकडे पडले: पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. तेव्हापासून पावसाळा आला की खड्ड्यांच्या बातमीत हे नाव येतंच. महामार्ग सोडला की मात्र मुलूख बदलतो. खाडीच्या अंगाला खारेपाट, बांध, पाणी सोडायच्या उघाड्या, भाताची खाचरं. डोंगराच्या अंगाला आदिवासी वाड्या. दिवा-रोहा गाडीतून उतरलेला माणूस इथे मिनिडोर रिक्षा शोधतो. मिनिडोर डांबर असेतो जाते. त्यापुढे पाय. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, अशा वाड्या रायगडात आजही आहेत.

डांबरापुढच्या त्या दोन-तीन किलोमीटरांसाठी कोणती गाडी हवी हे सांगणं सोपं आहे. अंगाने लहान, पोटाने उंच, चारही चाकांनी ओढणारी, आणि शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या कर्जात बसणारी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी महाराष्ट्रात फार पूर्वीपासून जुळल्या आहेत. घोडं अडतं ते चौथीवर.

1945 साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 ला कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. मूळ धंदा पोलादाचा. पण मुंबईत माझगावला त्यांनी अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप जोडायला घेतली आणि महायुद्धात चिखल तुडवलेली ती गाडी वनखात्यात, पोलिसांत, कलेक्टर कचेरीत दिसू लागली. मराठीत 'जीपगाडी' हा शब्द कंपनीचं नाव विसरून रुळला, तो तेव्हापासून.

पुढे कमांडर, मार्शल आल्या आणि जीपगाडी साहेबाकडून वडापवाल्याकडे गेली. इथे एक मोठा बदल झाला, ज्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. गावागावांत प्रवासी भरून धावणाऱ्या त्या गाड्यांपैकी बहुतेकींना पुढच्या चाकांची ओढ नव्हती. पुढचा ॲक्सल म्हणजे जास्त वजन, जास्त डिझेल, जास्त दुरुस्ती. धंद्याच्या हिशेबात तो बसला नाही. रूप जीपचं राहिलं, जोर मागच्या दोन चाकांपुरता उरला.

त्या ॲक्सलनं काय फरक पडतो ते खारेपाटाच्या चिकण चिखलात कळतं. डिफरन्शियल नावाची गिअरांची पेटी वळणावर डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं फिरू देते. तिच्याशिवाय गाडी नीट वळणार नाही. पण एक चाक चिखलात गेलं की हीच पेटी सगळं फिरणं त्या मोकळ्या चाकाला देते. ते गरगर फिरतं आणि टणक जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. पुढची दोन चाकंही ओढायला लागली की सुटकेच्या वाटा वाढतात. त्यात लो रेंजचा गिअर असला, तर इंजिनाचा जोर कैक पटीने वाढून चाकं सावकाश फिरतात, आणि चिखलात सावकाश फिरणारं चाकच कामाचं.

महिंद्रच्या नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या थारच्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणाऱ्या, मॉडेलात हे सगळं आहे. पहिली थार 2010 ची. आजची जी ओळखीची आहे ती 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आली. लांबी 3985 मिलिमीटर, जमिनीपासून उंची 226 मिलिमीटर, पाण्यातून जाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर. गिअरच्या दांड्याशेजारी पुढची चाकं जोडणारा दुसरा आखूड दांडा असतो, तो ड्रायव्हरनं स्वतः टाकायचा. कोरड्या डांबरावर तो टाकू नये. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात हा फरक थोडं घसरून निघून जातो, डांबरावर निघत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो. पुण्याजवळ रांजणगावला 2017 पासून बनणाऱ्या जीप कंपासच्या फोर बाय फोर मॉडेलात दोन चाकं की चार, ही निवड गाडी स्वतः करते. सोय मोठी, पण किंमतही तशी. विलीजच्या घराण्याच्या दोन शाखा एकाच राज्यात नांदतात, याचं मला कौतुक वाटतं.

650 मिलिमीटरचा आकडा वाचून कुणी पाण्यात गाडी घालू नये. तो साचलेल्या पाण्याचा आकडा आहे. वाहतं पाणी याहून कमी खोलीतही गाडी उचलून नेतं. अंबा नदीच्या पुरानं जुलै 1989 मध्ये जांभूळपाडा गावाचं काय केलं ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. दुसरं, चारही चाकं ओढत असली तरी ब्रेक कुठल्याही गाडीसारखेच लागतात. ओल्या रस्त्यावर फोर बाय फोर जास्त लवकर थांबत नाही. आणि खाडीकाठी गाडी ठेवणाऱ्यानं खालची चासी गोड्या पाण्यानं धुवावी. खारं पाणी चिखलाआड बसून लोखंड खातं.

आता चौथी गोष्ट, किंमत. 2020 ला थार फोर बाय फोर 9 लाख 80 हजारांपासून मिळत होती. जानेवारी 2023 ला मागच्या चाकांवर चालणारी थार 9 लाख 99 हजारांना आली, तेव्हा फोर बाय फोर साडेतेरा लाखांच्या आसपास पोचली होती. स्वस्त थारला दीड लिटरचं डिझेल इंजिन होतं, ते करासाठी. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल 1200 सीसी किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतच्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीवर 40 टक्के. थार फोर बाय फोर लांबीत बसते, पण तिचं डिझेल इंजिन 2.2 लिटरचं आणि पेट्रोल 2 लिटरचं. मारुतीची जिम्नीही 3985 मिलिमीटरचीच आणि फोर बाय फोर. तिचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून तीही बाहेर.

या नियमात चाकं मोजलेली नाहीत. लांबी आणि इंजिन, एवढंच. म्हणजे दीड लिटरचं डिझेल इंजिन आणि पुढचा ॲक्सल एका छोट्या गाडीत एकत्र आले तर ती गाडी 18 टक्क्यांत बसेल. इंजिन आहे, ॲक्सल आहे, ते बसवणारे हात नाशिकला आहेत. अशी गाडी कासूच्या वाडीखाली उभी राहावी, पुढच्या पावसाआधी.