अंड्यातल्या पिल्लाने उलगडलेली मज्जासंस्था

मेंदू म्हणजे एकसंध जाळं, की सुट्या पेशींचा समूह? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावरून युरोपातल्या शास्त्रज्ञांत तट पडले होते. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी 1873 साली चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवण्याची रीत शोधली. असंख्य पेशींपैकी मोजक्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या शेवटच्या टोकापर्यंत, पिवळसर कापावर काळ्याभोर! इतकं स्वच्छ दिसूनही गॉल्जी जाळ्याच्याच बाजूने राहिले.

स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी तीच रीत वापरून उलटा निष्कर्ष काढला. पूर्ण वाढलेल्या मेंदूत तंतूंची इतकी दाटी असते, की कुठला तंतू कुठून आला हे कळत नाही. त्यावर मेदाचं आवरण चढलं की चांदीही नीट धरत नाही. म्हणून काहाल यांनी लहान पिल्लं आणि अंड्यातले गर्भ हाती घेतले. माझ्या मते ही निवडच त्यांची खरी प्रतिभा. 1888 साली, स्वतःच काढलेल्या नियतकालिकात, त्यांनी लिहिलं की पेशी एकमेकींना टेकतात, एकजीव होत नाहीत. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि त्या व्यासपीठावरूनही गॉल्जी यांनी काहाल यांचा सिद्धांत खोडून काढायचा प्रयत्न केला.

वाढत्या तंतूचं फुगीर टोकही काहाल यांनी 1890 साली कोंबडीच्या गर्भातच टिपलं. हेच टोक चाचपडत वाट काढतं, असं त्यांनी निर्जीव कापावरून ताडलं. रॉस हॅरिसन यांनी 1907 साली बेडकाच्या गर्भाचा तुकडा लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवला आणि तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला.

पेशी टेकतात, पण मग एकमेकींशी बोलतात कशा? 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली. त्याची गती मंदावली. त्याभोवतीचा द्राव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावलं. निरोप रसायनाने जात होता. पुढे 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली फटही दिसली: मिलिमीटरचा साधारण 50,000वा भाग.

राहिला प्रश्न वाढीचा. तंतू आपल्या ठिकाणी पोचून टिकतो कशाच्या बळावर? त्याचं उत्तर शोधणाऱ्या रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना मुसोलिनीच्या 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाबाहेर काढलं, कारण त्या ज्यू होत्या. त्यांनी तुरीनच्या घरात निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रं केली. बाँबहल्ल्यांमुळे खेड्यात जावं लागलं, तिथे शेतकऱ्यांकडून फलित अंडी मागून आणली. कोंबडीच्या गर्भाचा पाय फुटण्याआधीच त्याचा अंकुर काढला, तर तिकडे जाणाऱ्या चेतापेशी कमी पडतात, हे आधीच माहीत होतं. पेशी तयारच होत नसाव्यात, असा समज होता. रिता यांना दिसलं ते वेगळंच: पेशी जन्मतात, वाढू लागतात आणि मग मरतात. त्यांना जगवणारं काहीतरी अंकुरातून येत असलं पाहिजे.

युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुइसला गेल्या. 1952 साली रिओ दि जानेरोत, उंदराच्या गाठीशेजारी ठेवलेल्या चेतापेशींच्या गुच्छातून तंतूंचं दाट वलय फुटताना त्यांनी पाहिलं. स्टॅन्ली कोहेन यांनी त्यामागचं प्रथिन वेगळं केलं: चेतावर्धक घटक, म्हणजेच एनजीएफ. दोघांना 1986 साली नोबेल मिळालं.

रिता 2012 साली, वयाच्या 103व्या वर्षी गेल्या. नसांना इजा होऊन डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा झिजतो, त्या आजारावर त्याच प्रथिनाचे थेंब अमेरिकेत 2018 साली औषध म्हणून मंजूर झाले.