सौर वीज आली, आता तोल सांभाळू या

रब्बीत गहू-हरभऱ्याला रात्रीचे पाणी देणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पायाखाली साप, उसाच्या फडात बिबट्या आणि वरून कडाक्याची थंडी. या जाचातून सुटका व्हावी म्हणून राज्यात शेतीचे फीडर सौर विजेवर घेण्याचे काम सुरू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. त्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. तो ३ मेगावॅटचा आहे.

योजना चांगलीच आहे. पण सूर्याची वीज सूर्याच्या वेळेनेच येते. ढग आला की कमी होते आणि दिवस मावळला की संपते. अशी वीज जास्त झाली की तारांच्या जाळ्याचा तोल राखणे अवघड होते. हा तोल राखण्याचे काम फक्त वीज कंपनीचे नाही. त्यातला एक वाटा तुमच्या स्टार्टरच्या पेटीत आहे. तो कसा, ते पाहू.

पन्नासचा काटा

वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जितकी वापरली जाते, त्याच क्षणी तितकीच तयार व्हावी लागते. हा मेळ बसतो की नाही, ते वारंवारितेवरून कळते. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ ठेवायची असते. वापर वाढला की काटा पन्नासच्या खाली येतो, वापर घटला की वर जातो. २०१३ च्या अखेरीपासून सारा देश एकाच जाळ्यात जोडलेला आहे. त्यामुळे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हा काटा एकच.

मळणी यंत्राचे उदाहरण घ्या. पेंढी जास्त कोंबली की डिझेल इंजिन दमते, आवाज बसतो. पण लगेच बंद पडत नाही. कारण त्याचे जड चाक फिरत असते आणि त्या फिरण्याच्या जोरावर ते क्षणभर ओझे ओढून नेते. औष्णिक केंद्रातले संच म्हणजे अशीच मोठी जड चाके. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरणारी. जाळ्यात अचानक धक्का बसला तर पहिले काही क्षण तीच सावरतात.

सौर पट्ट्यांना चाकच नाही. म्हणून दुपारी सौर वीज भरपूर आणि फिरते संच थोडे, अशी वेळ आली की जाळे हलके होते आणि थोड्या धक्क्यानेही काटा झपाट्याने हलतो. २०२५ च्या जानेवारीत देशाची सौर क्षमता १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. त्यामुळे हा प्रश्न आता पुस्तकातला राहिलेला नाही.

तोल गेला तर काय होते?

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी जादा भाराने लाइनी एकामागून एक सुटत गेल्या. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. तेथे सौर वीज भरपूर होती, पण विजेचा दाब वेळेवर आवरता आला नाही. दोष उन्हाचा नव्हता, दाब सांभाळण्याच्या व्यवस्थेचा होता.

उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर ९ मिनिटे घरातले दिवे बंद ठेवले गेले. वापर बघता बघता सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरला आणि पुन्हा वर आला. तरी जाळे टिकले. कारण आधीपासून तयारी होती आणि जलविद्युत संच चटकन कमी-जास्त करता आले. कोळशाचा संच पार बंद केला तर पुन्हा चालू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्याचा संच काही मिनिटांत धरतो.

म्हणूनच कोयनेची वीज संध्याकाळी मोलाची ठरते. घाटघरला तर अकोले तालुक्याच्या कड्यावर एक धरण आणि खाली शहापूरच्या बाजूला दुसरे. वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज काढायची. मोठ्या बॅटऱ्याही आता बसू लागल्या आहेत, पण त्यांना पैसा लागतो.

तुमचा पंप किती मोठा?

५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. एकटा पाहिला तर किरकोळ. पण असे एक लाख पंप एकदम सुरू झाले की ३७० मेगावॅट होतात, म्हणजे घाटघरच्या दोन्ही संचांपेक्षा जास्त. आणि राज्यात कृषिपंप ४५ लाखांच्या घरात आहेत!

शिवाय थेट स्टार्टरवर मोटर उचलताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट आली की ऑटो स्विचमुळे डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी उचलतात. मग दाब पडतो, फ्यूज जातो, डीपी जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीला आठ-आठ दिवस पीक सुकते. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून शासन भरते हे खरे. पण जळालेली मोटर भरून घ्यायचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

आता चांगली बाजू. रात्रीचा पंप दिवसावर आणला की दुपारची सौर वीज जागच्या जागी वापरली जाते आणि संध्याकाळी, घरोघर दिवे लागण्याच्या वेळी, जाळ्यावरचे ओझे हलके होते. शहरातल्या कारखान्याला वेळ बदलणे अवघड. पिकाला मात्र पाणी रात्री आठला दिले काय आणि सकाळी अकराला दिले काय, सारखेच.

एवढे करा

१. ऑटो स्विच काढा. पंपावर जाणे शक्य नसेल तर पेटीत टाइमर बसवा आणि डीपीवरच्या प्रत्येकाने वेगळी वेळ लावा. एकाने दोन मिनिटे, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने सहा.

२. कपॅसिटर बसवा. साधारणपणे ३ अश्वशक्तीला १, ५ ला २ आणि ७.५ ला ३ केव्हीएआरचा लागतो. त्याने करंट कमी होतो, शेवटच्या खांबावरचा दाब सुधारतो आणि डीपी तापत नाही. तो जाणकाराकडूनच बसवून घ्या. लाईट गेल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

३. दिवसा पाणी साठवा, संध्याकाळी मोटर बंद ठेवा. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. चढावर असेल तर उताराच्या रानाला बिनविजेचे पाणी मिळते. साठवलेले पाणी हीच शेतकऱ्याची बॅटरी. मात्र दिवसा वीज मिळते म्हणून विहीर-बोअर कोरडी करून तळे भरण्याची चढाओढ नको. ठिबकची जोड हवीच.

नेहमीचा प्रश्न

"सोलर प्लँट गावाशेजारी आहे, ऊनही आहे, मग लाईन गेली की आमची मोटर का बंद पडते?" असे बरेच जण विचारतात. हे प्रकल्प उपकेंद्राच्या लाईनला जोडलेले असतात आणि त्या लाईनचा ठेका धरूनच चालतात. लाईन मेली की त्यांनी आपोआप थांबायचे असते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. ज्यांच्याकडे स्वतंत्र सौर पंप आहे, त्यांचा मात्र या जाळ्याशी संबंध नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला योजनेतून तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये मिळतात. खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये असा दर ठरलेला आहे. उपकेंद्राजवळची पडीक, मुरमाड जागा पाहा. पिकाऊ रान देऊ नका.

आणि एक काम बिनपैशाचे. ग्रामसभेत डीपीवार शेतकऱ्यांची यादी करा, कोणाच्या मोटरीला ऑटो आहे, कोणाकडे कपॅसिटर नाही, ते लिहा आणि मोटर सुरू करण्याच्या पाळ्या ठरवा. कालव्याच्या पाण्याची पाळी आपण पिढ्यान्पिढ्या पाळत आलो, मग विजेची पाळी का जमू नये? एका डीपीवर पंधरा शेतकरी असतील आणि चौदांनी ऐकले, पंधराव्याने नाही, तरी जळणारी डीपी पंधराही जणांची असते.